पत्तेमारी, एका फुटाला पाव इंच : कामाची वही

१२ ऑक्टोबर २०२४, दसरा

हत्यारं पाटावर मांडून पूजा झाली. रंधा, दोन पटाश्या, गुण्या, कानशींचा संच, आणि कारखान्याच्या टूलरूममधल्या तीस वर्षांच्या सवयीने व्हर्निअरसुद्धा. बायको हळदकुंकू वाहता वाहता म्हणाली, "अहो, सोडणार कुठे ते जहाज? रामकुंडात?" कुठेच सोडायचं नाही, कपाटावर ठेवायचंय, असं सांगून तिच्या हातात आपट्याचं पान दिलं आणि विषय मिटवला.

लाकडी मॉडेल करायचं जहाज ठरलंय. पत्तेमारी. कुणी फत्तेमारी म्हणतात. दोन डोलकाठ्या, तिरक्या परबाणावर (शिड बांधायच्या काठीवर) ताणलेली त्रिकोणी शिडं, पश्चिम किनाऱ्यावर माल वाहणारं गलबत. सासरे देवगडचे. लहानपणी बंदरात पत्तेमारीतून मंगळुरी कौलं उतरताना त्यांनी पाहिलीत, आणि ती गोष्ट आम्ही दर मे महिन्यात ऐकतो. तोफांच्या रांगा असलेली इंग्रजी जहाजं करणारे जगभर पुष्कळ. त्यांचे तयार संच मिळतात, आराखड्यासकट. पत्तेमारीचा संच माझ्या तरी पाहण्यात नाही. म्हणजे प्रत्येक तुकडा आपणच कापायचा.

मापं मात्र मिळाली. श्रीलंकेतल्या त्रिंकोमालीच्या आरमारी गोदीत काम केलेल्या जॉन एडी नावाच्या जहाजबांधणी मिस्त्रीने १८३४ साली रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात इथल्या किनाऱ्यांवरच्या होड्या-गलबतांची वर्णनं दिली, चित्रांसह. त्यात पत्तेमारी आहे : साडेशहात्तर फूट लांब, साडेएकवीस रुंद, पावणेबारा खोल. मी १:४८ प्रमाण धरतोय, म्हणजे एका फुटाला पाव इंच. लांबी ४८६ मिलिमीटर, रुंदी १३७, खोली ७५. सहा फुटी खलाशी दीड इंचाचा होतो. याहून लहान प्रमाण घेतलं तर माझ्या चष्म्याला झेपणार नाही, मोठं घेतलं तर कपाटाला.

२० ऑक्टोबर

जुन्या नाशकात एक वाडा उतरवला. तिथली सागाची तुळई एका जुन्या लाकडाच्या दुकानात पडली होती. तीन फुटांचा तुकडा किलोवर घेतला. बाहेरून काळाठिक्कर, आत रंधा मारला तर मधासारखा रंग आणि तो तेलकट वास. घरी येऊन करवतीला लावला आणि चौथ्या मिनिटाला खर्रकन आवाज. आत खिळा. पात्याचे सात दात गेले. वाड्याचं लाकूड कापण्याआधी त्यावरून चुंबक फिरवायचा, ही अक्कल त्या सात दातांना विकत घेतली.

याच लाकडावर मुंबईच्या गोदीने नाव काढलं. ओकच्या लाकडातल्या आम्लाने लोखंडी खिळे गंजतात. सागात तेल असतं, तो लोखंडाला सांभाळून घेतो. मुंबईत वाडिया या जहाजबांधणाऱ्या घराण्याने सागात बांधलेलं त्रिंकोमाली नावाचं जहाज १८१७ साली पाण्यात उतरलं, ते आज इंग्लंडात हार्टलपूलला पाण्यावर तरंगतंय. वाड्यातला खिळासुद्धा चकचकीत निघाला, फक्त माझं पातं गेलं.

पण मॉडेलला साग वाईट. खऱ्या जहाजाला जे लाकूड, तेच मॉडेलला वापरावं असं सगळ्यांना सुरुवातीला वाटतं, मलाही वाटलं. सागाची छिद्रं उघडी आणि मोठी. अर्ध्या मिलिमीटरचं छिद्र ४८ पट केलं की खऱ्या फळीत एक इंचाचं भोक होतं. शिवाय सागात वाळूचा अंश असतो, पटाशी लवकर बोथट होते, आणि तेलामुळे फेव्हिकॉल धरत नाही. चिकटवण्याआधी थिनरच्या बोळ्याने पुसून घ्यावा लागतो. म्हणून साग फक्त कण्याला, ज्याला दर्यावर पठाण म्हणतात. फळ्यांना शिवण, म्हणजे शिवणीच्या झाडाचं लाकूड : हलकी, सरळ रेषेची, हवामानाबरोबर कमी हलते. कप्प्या, खुंट्या अशा बारीक वस्तूंना हळदू, ज्याला आपल्याकडे हेदही म्हणतात. पिवळट, घट्ट, रेषा जवळजवळ दिसतच नाही. पूर्वी कंगवे याचेच करत. गोरे लोक बॉक्सवुड वापरतात तिथे आपण हळदू वापरावा, आणि अजिबात कमीपणा मानू नये.

१० नोव्हेंबर

दिवाळीची सुट्टी सगळी सांगाड्यात गेली. सांगाड्याचा मधला कणा (सागाची पठाण नव्हे) ६ मिलिमीटर प्लायचा, त्यात ३८ मिलिमीटरवर एक असे अकरा आडवे पाट. पाट म्हणजे जहाज पावासारखं कापलं तर मिळतील त्या चकत्या. खऱ्या गलबतात अशा चकत्या नसतात, वाकड्या लाकडाचे वांक, म्हणजे फासळ्या, असतात. पण ते फळ्यांखाली झाकले जाणार. पहिल्याच जहाजाला वांक करायला गेलो तर मी निवृत्त होईन तरी जहाज व्हायचं नाही.

कणा वाकलेला आहे का हे डोळ्याने कळत नाही. दोन टोकांना दोरा ताणून बांधला, मध्ये अर्धा मिलिमीटर फट. ओट्याचा उरलेला ग्रॅनाइटचा तुकडा माझ्याकडे सरफेस प्लेट (मापं घ्यायचा सपाट पाया) म्हणून आहे. त्यावर कणा दोन सरळ कोनपट्ट्यांत आवळून ठेवला आणि पाट चिकटवले. प्रत्येक पाटाला गुण्या, प्रत्येक पाटाला हाइट गेज, म्हणजे उंची मोजायचं हत्यार. अकराही पाट ०.१ मिलिमीटरच्या आत बसले. शेजारच्या आळीतले मिस्त्री आले होते, दाखवलं. म्हणाले, "छान आहे साहेब. आता हे लाकूड आहे हे लक्षात असू द्या." मी हसलो. तेव्हा कळलं नाही.

२४ नोव्हेंबर

पाटांचे काठ तासण्याचं काम. हे काम कोणाला दाखवण्यासारखं नसतं आणि सगळं जहाज याच्यावर उभं असतं.

फळी पाटावर टेकते तेव्हा पाटाचा काठ सरळ चौकोनी असून चालत नाही. नाळेकडचे, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाकडचे पाट पुढच्या अंगाने उतरते हवेत, मागचे मागच्या अंगाने, म्हणजे फळी काठाच्या पूर्ण जाडीवर बसते, धारेवर नाही. पद्धत अशी : सगळ्या काठांवर शिसपेन्सिल फासायची. लांब फूटपट्टीवर १२० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवायचा आणि तो एकावेळी तीन-चार पाटांवरून तिरका फिरवायचा. एकेका पाटावर कागद मारला तर तो पाट खाली जातो आणि तिथे खळगा पडतो. जिथलं शिसं गेलं तिथे कागद लागला, जिथे काळं राहिलं तिथे अजून लागायचाय. मग दीड मिलिमीटरची एक पट्टी घेऊन नाळेपासून मागपर्यंत नुसती टेकवायची, दाबायची नाही. पट्टी सगळ्या पाटांना शिवली पाहिजे. जिथे उजेड दिसतो तिथे पाट कमी, तिथे कागदाची चिवट पट्टी चिकटवून भर घालायची.

नाळेत पहिल्या दोन पाटांमध्ये शिवणीचे ठोकळे भरले. तिथे वळण एवढं आहे की फळीला बोटभर बसायला जागा हवी.

चार संध्याकाळी गेल्या. मुलगी विचारते, "बाबा, तुम्ही रोज तेच घासता का?" हो.

१५ डिसेंबर

फळ्या सुरू. ५ मिलिमीटर रुंद, दीड जाड. पाण्यात वीस मिनिटं भिजवून, मुलीच्या केस सरळ करायच्या यंत्रावर वळवल्या. (परवानगी घेतली होती. त्याला जळक्या लाकडाचा वास येतो म्हणून आता नवीन घेऊन द्यायचंय.) लाकूड वळतं ते मुख्यतः उष्णतेने. तंतूंना धरून ठेवणारा भाग गरम झाला की मऊ होतो, आणि थंड झाला की नव्या आकारात घट्ट होतो. पाणी उष्णता आतवर न्यायला आणि लाकूड जळू नये म्हणून.

एक फळी डावीकडे, एक उजवीकडे. एकाच बाजूला पाच मारल्या तर ओढीने कणा केळ्यासारखा होतो.

आज चार बसल्या. फार सुरेख दिसतंय. गरम, ओली, टाचण्यांनी आवळली, फेव्हिकॉल, संपलं.

२९ डिसेंबर

प्रत्येक बाजूला नऊ फळ्या. नाळेत सातवी फळी खालच्या फळीवर किंचित चढतेय. दाबून बसवली.

५ जानेवारी २०२५

थंडी कडक, हवा कोरडी, ओठ फुटतायत. आणि माझं जहाजही फुटलंय. फळ्यांमध्ये फटी. चौथी-पाचवीमध्ये व्हर्निअरचं टोक जातं, ०.३. सातवी, आठवी, नववी नाळेपाशी खवल्यांसारख्या उचलल्या आहेत.

मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी बोट फिरवलं आणि एकच विचारलं, "ओली चिकटवली का?"

लाकूड भिजलं की रुंदीत फुगतं, लांबीत जवळजवळ नाही. मी फुगलेल्या फळ्या एकमेकींना खेटून चिकटवल्या. त्या वाळल्या, आखडल्या, आणि टाचण्या व फेव्हिकॉलने जागेवर धरून ठेवल्यामुळे मध्ये फट पडली. पोलादात मी टॉलरन्स (मापातला चालेल एवढा फरक) धरतो कारण पोलाद संध्याकाळी जेवढं असतं तेवढंच सकाळी असतं. इथे मी ०.१ मध्ये बसवलेली गोष्ट रात्रीत ०.३ हलली.

"वळवा ओली, बसवा वाळल्यावर," मिस्त्री म्हणाले. "मध्ये एक रात्र जाऊ द्या. रात्रीचे पैसे पडत नाहीत."

खवल्यांचं कारण वेगळं. तेही माझंच. त्याबद्दल पुढच्या नोंदीत, आज मूड नाही.

१४ जानेवारी, संक्रांत

गच्चीत पोरांचा आरडाओरडा, मी खाली बांबू चिरतोय. तुटून आलेल्या पतंगांच्या कामट्या गोळा केल्या, त्यांच्या खुंट्या ओढतोय.

फळीला फेव्हिकॉलवर सोडू नये, प्रत्येक पाटावर एक खुंटी ठोकावी, हे आता पटलंय. सोनार लोक तार बारीक करायला वापरतात ती भोकाभोकांची पोलादी पट्टी सराफ बाजारातून आणली. बांबू करवतीने कापायचा नाही, पातं लावून चिरायचा, म्हणजे तंतू टोकापासून टोकापर्यंत सलग राहतात. सालीकडचा टणक भाग घ्यायचा, आतला भुसभुशीत टाकायचा. टोक चाकूने अणकुचीदार करून मोठ्या भोकातून ओढायचं, मग त्याहून लहान, मग त्याहून.

पहिल्या दहा काड्या पटापट तुटल्या. पट्टी उलटी धरली तेव्हा जमलं. सोनार तार ओढतो ती भोकाच्या नरसाळ्यासारख्या बाजूने, कारण धातू दाबून लांबवायचा असतो. बांबू दाबून लांबत नाही, तो सोलावा लागतो. म्हणून काडी सपाट बाजूने घालायची, तिथली भोकाची धार चाकूचं काम करते. दीडशे खुंट्या झाल्या, ०.७ मिलिमीटरच्या. तिळगूळ खाल्ला, बोटात कुसळं तीन.

खऱ्या पत्तेमारीला लोखंडी खिळे होते, बांबू नाही, हे मला माहीत आहे. खुंटीचं टोक काळ्या चहात बुडवलं की लांबून खिळ्यासारखं दिसतं. जवळून पाहणाऱ्याला मी चहा पाजून गप्प करीन.

२६ जानेवारी

झेंडावंदन करून आलो आणि अठरा फळ्या उतरवल्या. आयसोप्रोपिल अल्कोहोल ब्रशने सांध्यावर सोडायचं, दहा मिनिटांत फेव्हिकॉल चघळलेल्या गोंदासारखा होतो, पातळ सुरीने फळी उचलते. दोन ठिकाणी घाईत फेविक्विक लावला होता, त्याला ॲसिटोन. पाट शाबूत. सगळं मिळून तीन तास. एवढं भ्यायचं कारण नव्हतं.

२ फेब्रुवारी

आता खवल्यांची गोष्ट.

फळी तीन तऱ्हेने हलते. सपाट अंगाने वाकते, सहज. पिळली जाते, तीही सहज. पण काठाच्या दिशेने, म्हणजे टेबलावर आडवी ठेवून धनुष्यासारखी, ती वाकत नाही. जोर केला तर एक काठ वर उचलतो. मी सगळ्या फळ्या एकाच रुंदीच्या लावत गेलो. मध्यावर जहाजाचं पोट मोठं, नाळेत लहान. एकाच रुंदीच्या फळ्या नाळेत मावणार कशा? त्या वर सरकायला बघत होत्या आणि मी त्यांना दाबून खाली आणत होतो.

पाटाच्या अर्ध्या घेरावर कागदाची पट्टी टेकवून मोजलं. मध्यावर ११० मिलिमीटर, म्हणजे पाचच्या २२ फळ्या. नाळेत ६८. अडुसष्टला बावीसने भागा : ३.१. म्हणजे प्रत्येक फळी नाळेकडे ३.१ पर्यंत निमुळती करायची. मूळ रुंदीच्या निम्म्याहून खाली जाऊ नये, नाहीतर टोकाला खुंटी बसायला लाकूड उरत नाही. आपण निम्म्याच्या वर आहोत. मागच्या टोकाला घेर ११८, तिथे बावीस फळ्या कमी पडतात, म्हणून एक पाचरीसारखी जादा फळी मध्ये घालायची.

दर पाटावर भागाकार नको म्हणून एक युक्ती आहे, तिला मी पंखा म्हणतो. मोठ्या कागदावर एका बिंदूतून तेवीस रेषा पसरवायच्या, सारख्या अंतराने. मध्ये बावीस घरं. घेर मोजलेली पट्टी त्या पंख्यावर आडवी ठेवून पुढे-मागे सरकवायची. ज्या जागी तिची दोन टोकं पहिल्या आणि शेवटच्या रेषेवर बसतात, तिथे मधल्या सगळ्या रेषांच्या खुणा पट्टीवर उतरवायच्या. पट्टी परत पाटावर, खुणा पाटावर. झाले बावीस सारखे भाग. अकरा पाट, दोन टोकं, एका संध्याकाळचं काम.

मग दोरा घेऊन खुणांवरून नाळेपासून मागपर्यंत लावून पाहिला. दोन ठिकाणी ओळ लचकत होती. आकडा बरोबर, डोळ्याला चूक. आकडा सोडला, डोळ्याचं ऐकलं. टूलरूममध्ये हे वाक्य बोललो तर मला घरी पाठवतील.

कण्याला लागून असलेली पहिली फळी नाळेत वर चढू द्यायची नाही, ही आणखी एक. ती रुंदच ठेवायची आणि लवकर थांबवायची. ती चढली की वरच्या सगळ्यांना जागा कमी.

२३ फेब्रुवारी

रोज रात्री दोन फळ्या : संध्याकाळी निमुळत्या करायच्या, भिजवून, गरम करून जागेवर नुसत्या आवळायच्या. दुसऱ्या रात्री कोरड्या झालेल्या काढून चिकटवायच्या आणि पुढच्या दोन आवळायच्या. आतल्या काठाला रंध्याचा एक हलका हात, म्हणजे बाहेरचे काठ मिटतात.

काल शेवटची बसली. तिचं माप कागद घासून काढलं, भोकात चोख बसली. बायकोला बोलावून दाखवलं. तिने उंबऱ्यावरूनच "झालं का जहाज?" विचारलं.

१९ मार्च, रंगपंचमी

काम नाही. रहाडीत, म्हणजे रंगाच्या हौदात उडी मारून आलो, कोपरापर्यंत गुलाबी आहे. या हातांनी शिवणीला शिवायचं नाही.

३० मार्च, पाडवा

गुढी उभारली आणि लगेच डोलकाठ्या. आठ मिलिमीटर चौकोनी सागाची काठी घेतली, कारण इथे तंतू सरळ आणि ताकद हवी. लेथवर लावायचा मोह झाला. लांब बारीक काठी लेथवर मध्यातून फडफडते आणि मधेच बारीक होते. म्हणून रंधा.

चौकोनाचा अष्टकोन करायची जुनी रीत : बाजूचे चोवीस भाग धरा, सात, दहा, सात अशा खुणा. आठ मिलिमीटरला २.३, ३.३, २.३. त्या खुणांपर्यंत चारही कोपरे तासले की आठ सारख्या बाजू. मग आठाच्या सोळा, या अंदाजाने. मग पॉलिश पेपर उलटा गुंडाळून चिमटीत फिरवायचा. निमुळती करायची असेल तर चौकोन असतानाच करायची, गोल झाल्यावर नाही.

डेकवर भोकं पाडून दोन्ही डोलकाठ्या उभ्या केल्या. किंचित मागे कललेल्या. रुबाबदार.

२० एप्रिल

सासरे आले. वय चौऱ्याऐंशी. चहा बाजूला ठेवून जहाजाकडे बराच वेळ पाहिलं. नाळेवर अंगठा फिरवला. मग म्हणाले, "जावईबापू, वारा कुठून येतो हिच्यात?"

"मागून, बाबा."

"मग डोलकाठी मागे का निजली? पत्तेमारीची काठी पुढे कलते. परबाण केवढं असतं, जवळजवळ गलबताएवढं. ते वर ओढायचं तर काठी पुढेच हवी."

एडीचं चित्र काढून पाहिलं. पुढेच कललेली आहे. सहा महिने ते चित्र भिंतीवर लावलेलं आणि मी इंग्रजी जहाजांचे फोटो पाहून डोलकाठी कलवली. भोकांत सागाच्या खुंट्या ठोकून बुजवलं, आठ अंश पुढे धरून नवी भोकं पाडली. बुजवलेला भाग दिसतो. दिसू दे.

दोराच्या रंगावरही ते बोलले. मी डोलकाठीला धरणारे दोर काळे करणार होतो, डांबर लावलेल्या इंग्रजी दोरांसारखे. "आमच्याकडे काथ्या. काळा कुठला?" तेव्हा सगळे दोर तपकिरी.

११ मे

दोर वळले. बाजारातला दोरा नुसता लावला तर तो शिवणकामाचा दोराच दिसतो. क्रोशाचा सुती दोरा घेतला, नायलॉन नाही, तो चमकतो. तीन पदर, एका टोकाला तीन आकडे एकत्र फिरणारे, दुसऱ्या टोकाला हँड ड्रिलवर एक आकडा. मधे तीन खाचांचा शंकू पदर वेगळे ठेवतो. शंकू पितळेचा, लेथवर केला, शेवटी लेथ कामी आला. पदरांना एकीकडे पीळ दिला की दोर आपोआप उलट्या अंगाने वळत जातो आणि दोन पीळ एकमेकांना अडवून धरतात. वाती वळताना आजी तळव्यावर हेच करायची. चार मीटर पदरांचा दोर तीनच्या आसपास भरतो. वर मेणाचा हात, धागे बसतात.

परबाण एका काठीचं नसतं. दोन काठ्या एकमेकींवर चढवून दोराने सहा ठिकाणी आवळल्या. हे सोपं होतं आणि सगळ्यात खरं दिसतं.

शिडांना जुनी मलमल, चहात बुडवलेली. दोन फूट रुंद कापडाचे पट्टे म्हणजे इथे १२.७ मिलिमीटर. तिथे शिवण घालायची नाही. मशीनचा टाका या प्रमाणात चार-पाच इंच लांब दिसतो. टोकदार पेन्सिलीची रेघ पुरे. पातळ फेव्हिकॉल लावून, मागून हेअर ड्रायरचा वारा दिला, पोट धरलं. हेअर ड्रायरही मुलीचाच.

नांगर चार नखांचा, तांब्याच्या तारेचा, भांडी बाजारातल्या तुकड्यातून. काळा करायला उकडलेलं अंडं कुस्करून डब्यात, वर तार, झाकण बंद. अंड्यातल्या गंधकाने तांबं एका रात्रीत काळवंडतं. शिसं वापरू नये. काचेच्या बंद पेटीत लाकडातून निघणाऱ्या आम्लाने शिशाला पांढरी भुकटी धरते. डबा मात्र बायकोचा होता, हे तिला वासाने कळलं.

पाण्याखालचा भाग पांढरा केला. किनाऱ्यावरच्या गलबतांना खाली चुना आणि चरबीचा लेप असायचा. मॅट पांढरा, ब्रश दिसेल असा.

१५ जून

पाऊस लागला. सगळे दोर जागेवर, पण गाठींना फेव्हिकॉल नाही. सुती दोर दमट हवेत आखडतो, कोरड्यात सैल पडतो. मेमध्ये ताणून गाठ पक्की केली असती तर आता डोलकाठी ओढली गेली असती. डिसेंबरातल्या फळ्यांनी एवढं शिकवलं.

१३ जुलै

तीन दिवस झड. गोदावरीचा पूर कुठवर चढला ते दाखवणारा दुतोंड्या मारुती पाहायला गर्दी जाते म्हणे, मी गेलो नाही. ग्रॅनाइटवर जहाज ठेवून पुढच्या डोलकाठीचं टोक हाइट गेजला लावलं. जूनच्या मापापेक्षा दीड मिलिमीटर मागे आलंय. मागून धरणारे दोर आखडलेत, सळईसारखे कडक.

सासऱ्यांना फोन केला. "ओढलं तर सैल करा," म्हणाले. "तांडेल रोज करायचा."

दोन गाठी अर्धा वेढा सोडल्या. टोक जवळजवळ जागेवर गेलं. किती राहिलं ते मोजलं नाही, हाइट गेज पुसून पेटीत ठेवलं. गाठींना फेव्हिकॉल दिवाळीनंतर.